चार नावे एका दमात घ्या

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)





बक्षीस समारंभाच्या दिवशी पाहुण्याने थोडक्यात बोलावे, अशी रीत आहे. मुलांचे डोळे टेबलावर मांडलेल्या बक्षिसांकडे लागलेले असतात आणि मातांना घरच्या स्वयंपाकाची घाई असते. तरीही आज आपला थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण विषय चार माणसांचा आहे आणि चौघांपैकी एकालाही वगळण्याची माझी तयारी नाही.

सोलापूरचे नाव आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. थंडीच्या दिवसांत अंगावर घेतो ती चादर सोलापूरची. लग्नकार्यात आहेर म्हणून देतो तीही बहुधा तिथलीच. परंतु त्या शहरात चादरीहून मोलाची एक वस्तू आहे. शहराच्या मध्यभागी, हमरस्त्यावर, चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. सोलापूरकरांना पत्ता सांगायचा असला की ते सहज म्हणतात, 'चार पुतळ्यांपाशी या.' मोर्चे तेथून निघतात, सभा तेथे भरतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, अशी त्या चौघांची नावे. पुणे आणि सोलापूर यांच्यामध्ये धावणाऱ्या गाडीला 'हुतात्मा एक्सप्रेस' हे नाव दिले आहे, ते यांच्याच स्मरणार्थ.

या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. १२ जानेवारी ही तारीख आपल्या भागाला नवी नाही. त्या दिवशी आपल्या शेजारच्या सिंदखेड राजाला जिजाऊ माँसाहेबांच्या जन्मस्थानी लोकांची रीघ लागते, रिसोडकडून जाणारे रस्ते माणसांनी फुलून जातात. त्याच दिवशी शाळाशाळांतून स्वामी विवेकानंदांची जयंती युवक दिन म्हणून साजरी होते. या दोन आठवणींना सोलापूरची तिसरी आठवण जोडावी, एवढ्यासाठीच मी उभा आहे.

मुलांनो, ती हकीकत नीट ऐका. १९३० साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह केला आणि ५ मे रोजी सरकारने त्यांना अटक केली. सोलापूर हे त्या काळी कापडगिरण्यांचे शहर. कामगार हजारोंनी होते आणि त्यांत कानडी बोलणारे, तेलुगू बोलणारे, मराठी बोलणारे, उर्दू बोलणारे असे सर्व होते. अटकेची बातमी येताच शहर पेटून उठले. हरताळ झाला, मिरवणुका निघाल्या. दारूबंदीचा कार्यक्रम म्हणून लोक शहराबाहेर जाऊन शिंदीची झाडे तोडू लागले. ८ मे रोजी अशाच एका जमावाची पोलिसांशी गाठ पडली आणि गोळीबार झाला. शंकर शिवदारे नावाचा तरुण त्यात पडला. तो सोलापूरचा पहिला हुतात्मा.

गोळीबारानंतर जमाव आवरेना. मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर हल्ला झाला, चौकी जाळण्यात आली आणि दोन पोलीस मारले गेले. न्यायालयाच्या इमारतीलाही आग लागली. सरकारी अधिकाऱ्यांनी शहरातून काढता पाय घेतला. पुढचे दोन-तीन दिवस सोलापुरात इंग्रजांचा अंमल उरला नव्हता, काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यांवरची व्यवस्था पाहत होते. मग लष्कर आले. १२ मेपासून ३० जूनपर्यंत शहरावर लष्करी कायदा होता. झेंडा हाती घेतला म्हणून, गांधी टोपी घातली म्हणून माणसे पकडली गेली.

चौकीवरील खुनांचा खटला त्यानंतर चालला. त्यात या चौघांना मृत्युदंड सुनावण्यात आला. अपिलांचा उपयोग झाला नाही. धनशेट्टी हे तर ८ मेच्या दिवशी जमावाला शांत करण्यासाठी धडपडत होते, अशी आठवण सोलापूरची जुनी माणसे सांगत आली. हे चौघेही लोकांमध्ये वावरणारे, लोकांना ठाऊक असलेले कार्यकर्ते होते. जमावाला चेहरा नसतो, सरकारला मात्र चेहरे हवे होते, आणि ज्यांचे चेहरे ओळखीचे होते त्यांच्याकडे बोट गेले.

इथे थोडे थांबून एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. त्या दिवशी मारले गेलेले दोन पोलीसही याच देशाची माणसे होती, पोटासाठी वर्दी चढवलेली. गांधीजींनी लढ्याला अहिंसेची अट घातली होती, ती त्या तासाभरात पाळली गेली नाही. हुतात्म्यांचा आदर करताना ही बाजू झाकून ठेवू नये. तरुणांना मी हे मुद्दाम सांगतो आहे. रागाच्या भरात जमलेल्या गर्दीत शिरणे सोपे असते, बाहेर पडणे कठीण. दगड कोणी मारला हे गर्दी विसरून जाते, पण नाव कुणाचे तरी लिहिले जाते. पूर्वी अफवा पारावर जन्मायची आणि गावभर पोचायला दिवस लागायचा. आज ती मोबाईलवर येते आणि एका मिनिटात चारशे घरांत जाते. सोलापूरच्या हकीकतीतून दुसरे काही घेतले नाही तरी चालेल, पण एवढे घ्या की अन्यायाविरुद्ध उभे राहायचे तर आपल्या अकलेने, आपल्या नावाने आणि आपल्या शेजाऱ्याला बरोबर घेऊन उभे राहायचे.

आता या चौघांची ओळख करून घेऊ. धनशेट्टी लिंगायत, सारडा मारवाडी, शिंदे मराठा आणि कुर्बान हुसेन मुसलमान. कुणी ठरवून निवड केली असती तरी सोलापूर शहराचे याहून खरे चित्र निघाले नसते. कुर्बान हुसेन फाशी गेले तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेले तरुण होते. आज आपल्या संस्थेतून बारावी होऊन बाहेर पडलेला मुलगा दोन-तीन वर्षांत ज्या वयाचा होतो, त्या वयाचे. गिरणी कामगारांत त्यांची ऊठबस होती आणि 'गझनफर' नावाचे पत्र ते चालवत. गझनफर म्हणजे सिंह. हे पत्र हिंदू-मुसलमानांच्या एकीचा पुरस्कार करी. त्या वयात त्यांच्यापाशी दौलत नव्हती, हुद्दा नव्हता. लिहिता-वाचता येत होते आणि जे वाचले ते चार लोकांना सांगण्याची हिंमत होती, एवढेच भांडवल होते.

पालकहो, हे भांडवल आपण आपल्या मुलांना देतो का, याचा विचार करा. दहावी झाली की मुलाला गॅरेजवर किंवा दुकानात बसवायचे आणि मुलीचे शिक्षण 'पुढचे पुढे पाहू' म्हणून थांबवायचे, ही आपल्यातील सवय अजून पुरती गेलेली नाही. त्यामागे गरिबी आहे हे मला मान्य आहे, आणि कष्टाच्या कामात कमीपणा मुळीच नाही. पण आपल्या धर्मात पहिला हुकूम वाचनाचा झाला, हे आपण दर जलशात ऐकतो आणि घरी जाऊन मुलाच्या हातातले पुस्तक बाजूला ठेवायला लावतो. गिरणीच्या भोंग्यावर जगणाऱ्या वस्तीतून एक वर्तमानपत्र निघू शकले, तर आपल्या मोहल्ल्यातून एक पदवीधर निघणे अशक्य आहे काय?

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. आपली मुले कधी शाळेत, कधी बसमध्ये, कधी खेळाच्या मैदानावर एक प्रश्न ऐकून घरी येतात. 'तुमच्या लोकांनी देशासाठी काय केले?' मूल हिरमुसले होते. मग वडील त्याला नावांची यादी देतात. अशफाकउल्ला खान सांगतात, मौलाना आझाद सांगतात, कोणी जाणकार असला तर कुर्बान हुसेनही सांगतो. मूल यादी पाठ करते आणि दुसऱ्या दिवशी ती उत्तर म्हणून फेकते. या यादीबद्दल माझे म्हणणे थोडे वेगळे आहे.

पहिली गोष्ट अशी की तुमच्या देशप्रेमाचा दाखला मागण्याचा अधिकार कुणालाही नाही. तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला मिळतो, जातीचा मिळतो, रहिवासाचा मिळतो. प्रेमाचा दाखला कोणतीही कचेरी देत नाही. तो मागितला गेला तर मुलाने शांतपणे आपल्या अभ्यासाला लागावे. संविधानाने त्याला नागरिक म्हटले आहे, तेवढे पुरे आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. आपण कुर्बान हुसेन यांचे एकट्याचे नाव यादीत घातले की त्यांना त्यांच्या तीन साथीदारांपासून तोडून आणतो. ते चौघे एकाच खटल्यात उभे होते, एकाच तुरुंगात होते आणि एकाच दिवशी गेले. सोलापूरने त्यांचे स्मारक केले तेही चौघांचे मिळून केले. अशा स्थितीत मुसलमानाने फक्त कुर्बान हुसेन म्हणावे, लिंगायत बांधवाने फक्त धनशेट्टी म्हणावे, मारवाडी समाजाने सारडांपुरते पाहावे आणि मराठ्याने शिंद्यांपुरते, तर पुतळे जागच्या जागी राहतील, पण स्मारक आपणच वाटून घेतलेले असेल. वाटणी शेताची होते, घराची होते. शहिदांची वाटणी करू नये. म्हणून माझी आपणास विनंती आहे की नाव घ्यायचे तर चारही एका दमात घ्या. आणि आपला शेजारी तीनच नावे घेत असेल, तर भांडू नका, चौथे त्याला प्रेमाने सांगा. आपल्याच मुलाला एकच नाव येत असेल, तर बाकीची तीन त्याला आधी शिकवा.

हाच धडा देणारे आणखी एक स्मारक सांगतो, आणि ते समोर बसलेल्या मुलींनी विशेष ध्यान देऊन ऐकावे. बडोद्याचे संस्थान मराठ्यांचे, गायकवाडांचे. तेथील एका संगीतकारांच्या घराण्यात १८८२ साली इनायत खान यांचा जन्म झाला. सूफी विचार आणि हिंदुस्थानी संगीत घेऊन ते पश्चिमेकडे गेले आणि तिकडेच त्यांनी संसार मांडला. त्यांची थोरली मुलगी नूर इनायत खान. आईच्या नव्हे, वडिलांच्या घराण्याकडून तिचा वंश टिपू सुलतानापर्यंत पोचतो. १९१४ साली मॉस्कोला जन्मलेली ही मुलगी पॅरिसजवळ वाढली. वीणा वाजवी, मुलांसाठी गोष्टी लिही. बुद्धाच्या जातककथा तिने मुलांसाठी सांगितल्या आणि ते पुस्तक १९३९ साली निघाले. सूफी घरातली मुलगी बुद्धाच्या कथा लिहिते, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दुसरे महायुद्ध पेटले, हिटलरच्या फौजांनी फ्रान्स घेतले. नूर इंग्लंडला निसटली आणि बिनतारी संदेशाचे काम शिकली. जून १९४३ मध्ये तिला गुप्तपणे फ्रान्समध्ये उतरवण्यात आले. नाझी सत्तेविरुद्ध लपून लढणाऱ्यांचे संदेश लंडनला पोचवणे हे तिचे काम. थोड्याच दिवसांत तिच्या गटातील बहुतेक लोक पकडले गेले. तिला परत येण्यास सांगण्यात आले, पण संदेश पाठवणारे दुसरे कोणी नाही म्हणून ती थांबली. ऑक्टोबर १९४३ मध्ये ती पकडली गेली. जर्मनीतील तुरुंगात तिला कित्येक महिने साखळदंडात ठेवले. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घालण्यात आली. ती तीस वर्षांची होती. १९४९ साली ब्रिटनने तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला. लंडन शहरातील गॉर्डन स्क्वेअर या बागेत नोव्हेंबर २०१२ मध्ये तिचा अर्धपुतळा बसवण्यात आला.

आता पाहा, दाखाऊलाही त्या सकाळी एकटी नूर नव्हती. योलांद बीकमन, मादलेन दामरमाँ आणि एलियान प्लूमन या तिघी तिच्याबरोबर होत्या. छावणीच्या जागेवर पाटी आहे, तीवर चौघींची नावे आहेत. फ्रान्समधील व्हालांसे या गावी १९९१ साली उभारलेल्या स्मारकावर तर अशी १०४ नावे आहेत, ९१ पुरुषांची आणि १३ स्त्रियांची, आणि त्यांतले एक नूरचे. सोलापूरचे चार आणि दाखाऊच्या चौघी, ज्यांनी आपला प्राण एकत्र दिला त्यांची नावे दगडावर एकत्रच आली. नूरचा अभिमान जरूर बाळगा, मुलींनो, पण तिच्या तिघी मैत्रिणींना विसरून नको.

दूरदेशी जाऊन आलो, आता घराजवळ येऊ. त्याच महायुद्धाच्या काळात, १९४२ च्या ऑगस्टमध्ये, आपल्या विदर्भातही ठिणगी पडली. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे लोक उठले. गोळीबार झाला, माणसे पडली, सरकारी माणसेही मारली गेली. आष्टीला पोलिसांच्या गोळीने जे हुतात्मे झाले त्यांत डॉ. गोविंद मालपे होते आणि रशीद खानही होते. नागपुरात शंकर महाले या कोवळ्या तरुणाला १९ जानेवारी १९४३ रोजी फाशी झाली. चिमूर-आष्टीच्या खटल्यांतही अनेकांना फाशीच्या शिक्षा झाल्या होत्या. परंतु तेथे एक निराळी गोष्ट घडली. नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी त्या कैद्यांसाठी जिवाचे रान केले. अर्ज केले, वकील गाठले, लोकमत जागे केले, आणि १९४५ साली दोर गळ्याशी आलेल्या कैद्यांची फाशी टळून जन्मठेप झाली. कायदा जाणणारा आणि अर्ज लिहू शकणारा माणूस समाजात असला म्हणजे काय होते, ते यावरून समजावे. शिक्षणाचे आणखी मोठे फळ मला तरी सांगता येणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला मी एक काम देऊन जाणार आहे. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, १९७२ साली, देशभर विकासगटाच्या गावी स्मृतिस्तंभ उभारण्यात आले. त्यावर एका बाजूला संविधानाची उद्देशिका आणि दुसरीकडे त्या भागातील स्वातंत्र्यसैनिकांची नावे, अशी योजना होती. पंचायत समितीच्या आवारात दाखल्यासाठी, योजनेसाठी आपण जातो. तिथला दगडी स्तंभ पाहतो, त्याच्या सावलीत सायकल लावतो आणि काम झाले की परत येतो. वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव, रिसोड, मानोरा, तुम्ही ज्या तालुक्यातले असाल तिथे जा आणि असा स्तंभ दिसला तर थांबून वाचा. अक्षरे झिजली असतील तर ओल्या फडक्याने पुसा. सगळी नावे वहीत उतरून घ्या. आपल्याच लोकांची तेवढी उतरवू नका, वरून खालपर्यंत सर्व उतरवा. मग गावातील म्हाताऱ्या माणसांना विचारा की हे कोण होते, कुठे राहत, त्यांची नातवंडे आज कुठे आहेत.

हे काम लहान समजू नका. दगड नाव सांगतो, माणूस सांगत नाही. माणूस सांगायला वही लागते. आपल्या मोहल्ल्यातील कितीतरी आजोबा-आजी जुन्या काळच्या गोष्टी मनात ठेवूनच कबरीत गेले, कारण विचारणारा नातू नव्हता आणि लिहिणारी नात नव्हती. घरोघरी ही कथा आहे, हिंदूंच्या घरी आहे तशी आपल्याही. तुम्ही लिहिलेत तर पुढच्या वर्षीच्या या स्मरणिकेत ते छापता येईल, आणि संस्थेचे पदाधिकारी त्याला नकार देणार नाहीत, अशी मी त्यांच्या वतीने परस्पर ग्वाही देतो.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. यंदाच्या १२ जानेवारीला जिजाऊ माँसाहेब आणि स्वामीजी यांच्या प्रतिमांशेजारी फळ्यावर चार नावे लिहा. उर्दू शाळेत उर्दूत लिहा, मराठी शाळेत मराठीत. एका मुलाने किंवा मुलीने उठून पाच मिनिटे त्यांची हकीकत सांगावी. शक्य झाल्यास शेजारच्या शाळेतील मुलांनाही बोलवा. सहल काढायची झाली तर छत्रपती संभाजीनगर-अजिंठ्याची वाट सोडून एखाद्या वर्षी सोलापूरची काढा. मुले चार पुतळ्यांपुढे उभी राहतील तेव्हा तुमच्या भाषणाची गरज उरणार नाही.

पालकहो, शेवटी आपल्याशी दोन शब्द. मुलाला घराबाहेर पाठवताना आपल्या मनात धास्ती असते, हे मी जाणतो. कुणी टोमणा मारील, कुठे गर्दीत सापडेल, अशी काळजी आईच्या जिवाला असते. त्या काळजीपोटी मुलाला आपल्याच गल्लीत, आपल्याच माणसांत कोंडून ठेवावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कुर्बान हुसेन यांना मोठे केले ते गल्लीने नव्हे. गिरणीतल्या कानडी, तेलुगू, मराठी माणसांत मिसळून ते मोठे झाले. मुलाला शिकवा, मराठी चांगली शिकवा, उर्दूही जपा, इंग्रजीला घाबरू देऊ नका, आणि चार प्रकारच्या माणसांत बसू-उठू द्या. उद्या प्रसंग आला तर त्याच्या शेजारी उभे राहणारे तीन तरी असतील.

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. मुलांनो, घरी जाताना ही नावे एकमेकांना म्हणून दाखवा. एखादे विसरले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा.